पंचबोलवर मागे राहिलेले दोघे

बोरगाव मंजू,
१८ ऑगस्ट २०२५

चि. उत्तम यास,
सत्यवतीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. तुम्ही परतवाड्याला सगळे बरे असाल असं धरून लिहिते आहे. पत्र पाहून तू हसशील की या जमान्यात आपली थोरली बहीण पत्र काय लिहिते. पण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे शेजारच्या चार घरांना बातमी देणं. तीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसून तुझे कान गेले, आणि जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तुला माहीतच आहे, अक्षय्य तृतीयेला तुझ्या भाऊजींनी फुलशेतीचं वावर नितेशच्या हाती दिलं. नारळ फोडला, चार माणसांसमोर सांगितलं की आजपासून फुलांचं सगळं नितेश आणि सूनबाई प्रणाली पाहतील. मलाही बरं वाटलं. यांचे गुडघे दुखतात, बसतील जरा बाजेवर, असं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर बाज रिकामी. नितेशच्या आधी हे झेंडूत हजर. तेव्हापासून रोज तेच. नितेशनं पाणी सोडलं की हे बंद करतात. त्यानं तोडायला माणसं सांगितली की हे परत पाठवतात. मागच्या आठवड्यात पोरानं हौसेनं शेवंतीच्या वाफ्यांवर तो प्लास्टिकचा कागद अंथरला होता, तण येऊ नये म्हणून. यांनी तो सगळा ओढून काढला आणि बांधावर फेकला. म्हणे, जमिनीले श्वास नोको का घेऊ देऊ.

नितेशनं भांडण न करता तो कागद गुंडाळून ठेवला, तेच वाईट. आता तो बापाबरोबर जेवायला बसत नाही. प्रणालीच्या भावानं पुण्याला एका रोपवाटिकेत त्याच्यासाठी नोकरी पाहून ठेवली आहे. परवा मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, आई, दिवाळीपर्यंत पाहतो, मंग आमी जातो. मी भाकर भाजत होते, ती तव्यावरच करपली. उत्तम, मला खरंच भीती वाटते आहे. पोरगा गेला तर हे वावर पुन्हा यांच्याच गळ्यात पडेल, आणि हे तिथंच कुठंतरी वाफ्यात आडवे होतील.

मला एकच सुचलं. यांना दोन-तीन दिवस कुठं तरी घेऊन जायचं. पोराला मोकळ्या हातानं काम करू द्यायचं आणि यांना दाखवायचं की आपण नसलो तरी फूल उमलतं. गणपती-महालक्ष्म्यांत तर श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि पुढं दसरा. मध्ये पितृपक्ष तेवढा रिकामा. त्या दिवसांत झेंडूला कुणी विचारत नाही, झाडावरच वाळतो. आमच्याकडे सुट्टी म्हणायची तर तीच. तुझी बोलेरो आहे, चिखलदरा तुझ्या दारात आहे. नेशील का? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं एकाच वेळी घर सोडून कुठं गेलेलो नाही. एकानं तरी फुलांजवळ राहायचं, असाच नेम.

आशाबाईंना नमस्कार. तुमच्या लेकीला, गीतांजलीला माझे पापे. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बाई

&nbsp;

परतवाडा,
२६ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप सौ. बाईच्या सेवेशी,
उत्तमचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. आशानं मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी पुन्हा मनात वाचलं. माझ्या कानांबद्दल लिहिलेलं तिनं दोनदा वाचलं.

नेशील का म्हणून काय विचारतेस? हुकूम कर. पण एक सांगतो, हसू नकोस. चिखलदऱ्याच्या घाटात मी इतकी वर्षं गाडी घातली, तरी तिथला एकही पॉइंट मी पाहिलेला नाही. ड्रायव्हरनं दरी पाहायला सुरुवात केली की प्रवाशांनी देवाचं नाव घ्यायचं. मला तिथली वळणं पाठ आहेत, कुठं दरड येते, कुठं म्हशी बसतात, कुठल्या चढावर गाडी दम टाकते ते पाठ आहे. देवी पॉइंट माझ्या लेखी बायका नारळ घेऊन उतरायच्या ती जागा, आणि भीमकुंड म्हणजे पोरं शिट्ट्या मारत उतरायची ती जागा. त्यापलीकडं काय आहे ते मलाही पाहायचंच आहे.

गीतांजली अमरावतीहून येते आहे. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून तिनं पहिलं काय केलं तर कॅमेरा घेतला. तिनं सगळं ठरवून टाकलं आहे. पहिल्या दिवशी धामणगाव गढीवरून घाट चढायचा, मोझरी पॉइंटला थांबायचं, दुपारी भीमकुंडाचा धबधबा, संध्याकाळी देवी पॉइंटवरून समोरचा गाविलगड. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या मळ्यांतून पंचबोलला. तिथं आवाज दिला की डोंगर पाचदा परत देतात म्हणे. ती सांगते की सप्टेंबरात तिथं ढग माणसाच्या अंगावरून चालत जातात आणि फोटोला त्यासारखे दिवस नाहीत. मी म्हटलं, ढगात फोटो कशाचा येईल? तर म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त गाडी चालवा.

भाऊजी तयार होतील का, हीच मला धास्ती आहे. पितृपक्षात कोणी फिरायला जातं का, असं ते म्हणणार. त्यांना सांग, आपल्या बाबांनी जन्मात मूर्तिजापूरच्या पलीकडं पाय टाकला नाही. आपली माणसं डोंगर पाहायला निघाली हे त्यांना वरून दिसलं, तर ते रागावणार नाहीत, उलट म्हणतील, एक जागा माझ्यासाठीही ठेवा. आणि नितेशला माझ्यातर्फे पाठीवर थाप दे. पोरगं घाईनं निर्णय घेणारं नाही, मला माहीत आहे.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावर आहे तेवढी नजर राहू दे.

तुझा,
उत्तम

&nbsp;

बोरगाव मंजू,
४ सप्टेंबर २०२५

चि. उत्तम यास,
आशीर्वाद.

दोनच ओळी लिहिते, कारण हात फुलांनी पिवळे झाले आहेत आणि कागदही होतो आहे. महालक्ष्म्या पार पडल्या. अनंत चतुर्दशी झाली की बाजार पडेल.

तुझे भाऊजी येतात. आधी तू म्हणालास तसंच म्हणाले, पितरायच्या दिवसात कोनी फिराले जाते का. मग तुझं बाबांबद्दलचं लिहिलेलं वाचून दाखवलं. तेव्हा म्हणाले, अष्टमीले माह्या बाबाची तिथी हाय, त्याच्या आत वापस आलो पायजे. म्हणजे होच. तरी रात्री नितेशला अर्धा तास सूचना चालल्या होत्या, कुठल्या वाफ्याला किती पाणी आणि कुठलं नाही. नितेश मान हलवत होता, पण ऐकत नव्हता हे मला दिसत होतं.

आम्ही दहा तारखेला एसटीनं परतवाड्याला पोचतो. सोबत शिदोरी आणि यांच्यासाठी चादरी जास्तीच्या आणते, यांना थंडी फार वाजते. माझं एवढंच मागणं आहे, की या माणसानं तिथं एकदा मान वर करून पाहावं. भेटीपर्यंत आठवण ताजी ठेव.

तुझी,
बाई

&nbsp;

परतवाडा,
१६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाईच्या पायाशी,
उत्तमचा नमस्कार, आणि या खेपेला खाली मान घालून.

तुम्हाला बसमध्ये बसवून आलो तेव्हापासून घास गोड लागत नाही. आशा बोलत नाही. गीतांजली अमरावतीला गेली, पण तिथून दोनदा फोन करून रागावली. मला ऐकू आलं, म्हणजे समज कसं रागावली असेल.

कसं घडलं ते तुला नीट सांगायलाच हवं, कारण तिथं धड बोलणंही झालं नाही. पंचबोलला आपण पोचलो तेव्हा धुकं इतकं की गाडीचं बोनेट दिसेना. तुम्ही दोघं उतरून पुढं गेलात. मी गाडीतच बसून होतो. गीतांजली थोड्या वेळानं वैतागून परत आली, फोटो काही येत नाही म्हणाली, आणि पुढच्या सीटवर कानात ते गाणी ऐकायचं बोंडूक घालून कॅमेऱ्यातले जुने फोटो पाहत बसली. तेवढ्यात कुणीतरी गाडीच्या मागच्या दारावर दोनदा थाप मारली. नंतर कळलं, मागं एक गाडी वळवत होते, त्यातल्या माणसानं आम्हाला जरा पुढं घ्या म्हणून थापटलं होतं. आणि बाई, माझा पाय आपोआप क्लचवर गेला. तीस वर्षं मागून डबल बेल झाली की गाडी काढायची, एवढंच मला माहीत. मागं कोण चढलं, कोण राहिलं, ते कंडक्टरनं पाहायचं. मी आरशात पाहिलं ते रस्ता पाहायला, माणसं पाहायला नाही.

गीतांजलीनं एकदा विचारलं म्हणे, आत्या, झोपल्या का? मागच्या सीटवर तुझ्या चादरींचा ढीग होता. ढीग काही बोलला नाही, तिला वाटलं झोप लागली. गावात येऊन मी भाऊजींना खूश करावं म्हणून रबडीच्या दुकानासमोर गाडी लावली, चार वाट्या सांगितल्या आणि मागचं दार उघडलं. आत नुसत्या चादरी. भाऊजींचा फोन त्यांच्या पिशवीत, पिशवी गाडीत. परत निघालो तर धुक्यात गाड्यांची रांग अडकलेली. त्या रांगेत मी किती नवस बोललो ते तुला सांगत नाही, सगळे फेडायचे झाले तर पेन्शन पुरायची नाही.

तुम्ही दोघं त्या खडकावर बसलेले दिसलात तेव्हा मला रडू आलं. पण त्यानंतरची भीती अजून जात नाही. भाऊजी एक अक्षर बोलले नाहीत. चला, एवढंच म्हणाले. घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. तूही गप्प. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

गीतांजलीनं फोटो कागदावर काढून पाठवले आहेत, या पत्रासोबत आहेत. पाहशील तर तुझं मागणं आठवून तुला वाईटच वाटेल. मोझरीला भाऊजी खाली माती पाहताहेत. भीमकुंडाला सगळं जग धबधबा पाहतंय, हे वाकून तेरड्याचं पान उलटं करून कीड पाहताहेत. देवी पॉइंटला मागं अख्खा गाविलगड सोनेरी झालाय आणि यांची मान खाली. ज्या कामासाठी तू मला हाक मारलीस तेच मी बिघडवलं. नितेशचं काय झालं, ते लिही. वाईट असलं तरी लिही.

तुझा अपराधी भाऊ,
उत्तम

&nbsp;

बोरगाव मंजू,
२१ सप्टेंबर २०२५

चि. उत्तम यास,
अनेक आशीर्वाद, आणि आधी पोटभर जेव.

तुझं पत्र वाचून मी हसले आणि मग मला वाईट वाटलं की तुला इतके दिवस जाळत ठेवलं. मी आल्याबरोबर लिहायला हवं होतं. पण तिथी होती, पाहुणे होते, आणि खरं सांगू का, पंचबोलला जे झालं ते मला काही दिवस माझ्यापाशीच ठेवायचं होतं.

तू गेलास हे आम्हाला लगेच कळलं. आम्ही वळून पाहिलं तर गाडीचे लाल दिवे धुक्यात जाताना दिसले. हे आधी चिडले. म्हणाले, तुह्या भावाले डोयेबी नाहीत का आता. मग कठड्यापाशी उभे राहून तुझ्या नावानं बोंब मारली, उत्तमरावऽ. आणि काय सांगू, समोरचा डोंगर उत्तमराव म्हणाला, त्याच्या मागचा म्हणाला, मग आणखी पलीकडचा, आणखी पलीकडचा. अख्खा सातपुडा तुला हाका मारत होता, आणि एकट्या तुलाच ऐकू गेलं नाही. हे म्हणाले, आता याच्यापेक्षा जास्त काय कराव माणसानं? आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गेल्या सहा महिन्यांत मी या माणसाचे दात पाहिले नव्हते.

मग आम्ही त्या खडकावर बसलो. उत्तम, तिथं करायला काहीच नव्हतं. तोडायला फूल नाही, ओवायला दोरा नाही, चुलीवर काही नाही. दारात कुणी येणार नाही. असं आमचं आयुष्यात कधी झालं नव्हतं. थोडा वेळ अवघडल्यासारखं झालं, नव्या नवरीला होतं तसं. मग मी बोलले. घरी कधीच बोलता आलं नाही ते सरळ बोलले. म्हटलं, नितेश दिवाळीनंतर पुण्याला जातो आहे, आणि तो तुमच्यामुळं जातो आहे. तुम्ही वावर दिलं, पण हात काढला नाही. मला पोरगाही हवा आहे आणि तुम्हीही हवे आहात, आणि तुम्ही दोघं मला एकच काहीतरी निवडायला लावता आहात. बोलता बोलता माझा आवाज चढला आणि ते शेवटचं वाक्यही डोंगरानं पुन्हा म्हणून दाखवलं. मला लाज वाटली, पण बरंही वाटलं.

ते दरीकडं तोंड करून बसले. आणि तेवढ्यात धुकं फाटलं. कुणी पडदा बाजूला घ्यावा तसं एका बाजूनं सरकत गेलं आणि खाली सगळी दरी उघडली. झाडांनी भरलेल्या दऱ्या, एकामागं एक, आणि खूप खाली एक गाव, त्याच्याभोवती टीचभर टीचभर वावरं. हे उठून उभे राहिले. सवयीनं त्या वावरांचं पीक पारखायला लागले. हे तूर असेल, ते सोयाबीन असेल. मग थांबले. डोळे बारीक करून पाहत राहिले आणि म्हणाले, इथून कोनाच्या वावरात तन हाय, काहीच समजत नाही. सगळं हिरवंच दिसून राहिलं. मी म्हटलं, मग हिरवंच असेल. बराच वेळ उभे होते. मान वर होती, उत्तम. माझ्याजवळ कॅमेरा नव्हता आणि गीतांजलीलाही सांग, हळहळू नकोस, तो फोटो मला कधी हरवायचा नाही.

तू आलास तेव्हा ते गप्प होते ते रागानं नव्हे. घाट उतरताना त्यांनी चादरीखाली माझा हात धरला होता. म्हातारपणी काय हे असं, म्हणून मी गप्प होते. तुझ्या आरशात दिसलं असेल, अशी मला भीती होती, पण तू माणसं पाहत नाहीस हे बरंच आहे.

नितेशनं आमच्या मागं शेवंतीवर तो प्लास्टिकचा कागद पुन्हा अंथरला होता. हे आल्या आल्या वावरात गेले. मी दारात उभी राहून जीव मुठीत धरला. बांधापर्यंत गेले, उभे राहिले, आणि परत आले. नितेशला म्हणाले, कोपऱ्यावर माती ठेव, नाही तं हवेनं उडते. एवढंच. रात्री पोरगा ताट घेऊन बापाजवळ येऊन बसला. यांनी आपल्या ताटातलं वांगं त्याच्या ताटात टाकलं. पुण्याचं काय ते मी अजून विचारलेलं नाही, विचारायची हिंमत होत नाही. दसरा जाऊ दे.

आशाबाईंना सांग, माझ्या भावाशी बोल. तुझ्यावर माझी माया आहे ती या खेपेला अंमळ वाढलीच आहे.

तुझी,
बाई

&nbsp;

बोरगाव मंजू,
७ ऑक्टोबर २०२५

श्री. उत्तमराव यांस,
जानरावचा सप्रेम नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुमची बहीण म्हणत होती, ती लिहिते. पण मी म्हटलं, मीच लिहितो, चुकलं तर समजून घ्यावं.

दसरा चांगला झाला. झेंडू नितेशनं तोडवला आणि अकोल्याच्या बाजारात तोच घेऊन गेला. मी घरी होतो. दिवस जड गेला, खोटं सांगत नाही. दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. संध्याकाळी तो आला तेव्हा मी काही विचारलं नाही, त्यानंच सगळं सांगितलं, अगदी कोणत्या व्यापाऱ्यानं काय तोंड केलं ते सुद्धा. मला वाटते आतापर्यंत मी त्याला सांगू दिलं नाही, म्हणून तो सांगत नव्हता. पुण्याला येत नाही असं त्यानं कळवलं आहे. प्रणालीनं ते मला सांगितलं, त्यानं नाही. पण ठीक आहे.

तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नये. गाडी चालवणं सोडणार असं तुम्ही म्हणता असं कळलं. सोडू नये, आम्हाला तुमचीच गाडी पाहिजे. दिवाळी झाली की वावराचं काम नितेश पाहील, मला वेळ आहे. आमच्या अकोला जिल्ह्यातच नरनाळा किल्ला आहे, वरून सगळा मेळघाट दिसते म्हणतात. इतकी वर्षं जवळ राहून मी तो पाहिला नाही. तर भाऊबीजेला तुम्ही याल तेव्हा आपण जाऊ.

एक विनंती आहे. आम्हाला वर सोडून तुम्ही गाडी घेऊन खाली शहानूरला यावं आणि तिथं निवांत चहा पीत बसावं. आम्हाला घ्यायला दिवस मावळायच्या आधी आलं तरी चालेल, लवकर येऊ नये. तुमच्या बहिणीजवळ माझं बरंच बोलायचं राहून गेलं आहे. घरी ते जमत नाही.

आशाबाई आणि गीतांजलीला आशीर्वाद. आमच्यावर जीव आहे तो असाच ठेवावा.

आपला,
जानराव